सांगलीत बसून न्यूयॉर्क कशाला शिकवता?

"मॅडम, सांगलीत बसून न्यूयॉर्क-लंडन कशाला शिकवता?" कॉलेज उघडलं की हा प्रश्न येतोच. मुलं विचारतात, पालक विचारतात, एकदा विश्रामबागच्या रिक्षावाल्यानंही विचारलं. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी शिकवते ते समाजशास्त्रज्ञ सास्किया सॅसेन यांचं म्हणणं. त्या हेगमध्ये जन्मल्या, अर्जेंटिनात वाढल्या. १९९१ साली त्यांचं 'द ग्लोबल सिटी' हे पुस्तक आलं. फोन, कॉम्प्युटर आले, आता मोठ्या शहरांचं महत्त्व ओसरणार, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. सॅसेनबाई म्हणाल्या, उलट होणार. कारखाने जगभर जितके पांगतील, तितकी सूत्रं हलवणारी मंडळी, म्हणजे बँकवाले, वकील, हिशेबनीस, मोजक्या शहरांत गोळा होतील. त्यांनी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो तपासून दाखवलं.

हे मी मार्केट यार्डात शिकवते. ऐन हंगामात राजापुरी हळदीचे सौदे चालू असतात, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. अडत्यानं हळकुंड मोडून आतला रंग दाखवला, आणि नजर दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर, वायद्याच्या भावावर, म्हणजे पुढं द्यायच्या मालाचा आज ठरणाऱ्या भावावर. तो वायदेबाजार मुंबईचा. "हळद आपली, मग भाव तिकडं कसा?" एका पोरानं विचारलं. मला पुढं बोलायचं कामच उरलं नाही. पूर्वी हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली पडून राहायची. भाव पटेना तर थांबायची सोय इथंच होती. २००५च्या महापुरात बरीच पेवं गेली. २०१८ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव आपलं झालं, एवढं खरं.

सॅसेनबाईंचं दुसरं म्हणणं मला जास्त लागतं. त्या चकचकीत ऑफिसांत फक्त सूटबूटवाले नसतात; रात्री फरशी पुसणारे, दारावर उभे राहणारेही असतात, आणि त्यांत बाहेरून आलेले पुष्कळ. जतकडचा माझा मावसभाऊ वांद्रे-कुर्ला संकुलात सिक्युरिटी गार्ड होता. बारा तास काचेच्या दाराबाहेर, झोपायला मानखुर्दला दहा जणांत एक खोली. "एसी लागतो की," म्हणायचा, "दार उघडलं की तेवढ्यापुरता."

एका बाबतीत मात्र माझं बाईंशी पटत नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं घ्या. दुष्काळी गावांतून निघाली आणि देशभर सोनं-चांदी गाळायला पसरली. ना वकिलांची फौज, ना टोलेजंग ऑफिस. सगळं भावकीच्या शब्दावर. यांचं हेड ऑफिस म्हणाल तर गावची यात्रा. सोयरिकी आणि दुकानातल्या भागीदाऱ्या एकाच मांडवात ठरताना मी पाहिल्यात. हे शहरांच्या नकाशावर कुठं दाखवायचं?

गेल्या वर्षी हे वर्गात ठासून सांगितलं, तर मागच्या बाकावरचा गलाईवाल्याचा मुलगा उठला. "मॅडम, पण आमचे पप्पा उठल्या उठल्या लंडनचा भाव बघतात."

पुढचा तास त्यालाच दिला.