आजी आहे ना!

परवा आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा बालसंगोपन योजनेचा अर्ज भरत बसले होते. नवरा दीड वर्षापूर्वी गेला, मुलगा सातवीत. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड असं सगळं ओट्यावर पसरलेलं. त्यात मला नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीतल्या एक आजी आठवल्या.

2007 साली मी तुर्भ्यात एका संस्थेत हिशेब लिहायचे. पैसा अमेरिकी सरकारचा. बुश यांनी 2003 मध्ये एड्ससाठी पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर जाहीर केले होते. त्यातला दहावा हिस्सा अनाथ आणि अडचणीतल्या मुलांसाठी राखून ठेवायचं त्यांच्या कायद्यातच होतं. त्या गंगेतला एखादा तांब्या आमच्या वाट्याला आलेला. या मुलांना आम्ही इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ओव्हीसी मुलं' म्हणायचो. पोरांच्या आयांना ती कसली तरी लस वाटायची.

आजींचा मुलगा ट्रकवर होता, एपीएमसीच्या फेऱ्या करायचा. आपल्या सरकारने एड्सची मोफत औषधं सुरू केली 2004 च्या एप्रिलमध्ये. तो गेला त्याच्या आदल्या दिवाळीत. सून आजारी, नातू आठ वर्षांचा. मी फॉर्मवर 'अनाथ' लिहिलं आणि वाचून दाखवलं, तशा आजी उसळल्याच. "अनाथ कशाला लिवतीस गं? त्याची आई हाय, मी हाय. आमी काय मेलो का?"

चूक त्यांची नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत आई किंवा बाप, एक जरी गेला तरी मूल अनाथ. आपल्या मराठीत मात्र तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतो आश्रमच. आकडे आपोआप फुगायचे ते असे; आणि एखादा देणगीदार आश्रम बांधायला निघायचा तोही त्यामुळेच. खरं तर त्या पोराला आजीच्या घरातच ठेवायचं होतं. हवं होतं ते रेशन, बूट आणि आईला दवाखान्यात नेणारं कुणीतरी.

बुटांवरून आठवलं. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष संपतं 30 सप्टेंबरला, आपल्या शाळा उघडतात जूनमध्ये. जूनमध्ये पैसे मंजुरीत अडकलेले, आणि सप्टेंबरात 'खर्च दाखवा' म्हणून फोनावर फोन. पाऊस सरत आला की आम्ही छत्र्या वाटायचो. मी त्या बिलांवर सह्या केल्यात, अजून लाज वाटते.

तरीही 20 जानेवारी 2025 ला तिकडून परदेशी मदत 90 दिवस थांबवल्याची बातमी आली तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठले. त्या जुलैत यूएसएडचं, म्हणजे ही मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं, दुकानच बंद झालं. परक्याच्या पैशावर किती दिवस, हे आम्ही ऑफिसात तेव्हाही बोलायचो. पण आफ्रिकेतल्या कुठल्या तरी गावात कुणी आजी नातवाची गोळी आणायला गेली असेल आणि दाराला कुलूप असेल, हे काही डोक्यातून जाईना.

आपल्या बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, मूल घरीच राहतं, आणि एकच पालक असला तरी चालतं. बाईंनी मला मध्येच थांबवलं. "ताई, पोराला अनाथ लिहिलं का?"

"नाही हो. एक पालक."

"मग भरा पुढं."