दाजींचा नळ

पहिल्या रात्री आईला वाटलं, मीच नळ नीट बंद केला नाही. दुसऱ्या रात्री तिनं मला झोपेतून उठवून न्हाणीत नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. नळातून शेवयीएवढी बारीक धार पडत होती आणि खालची बादली अर्धी भरली होती. "वॉशर गेलाय काय बघ." मी नळ पिळला, धार थांबली. वॉशर ठणठणीत होता. तिसऱ्या रात्री चोर सापडला. साडेबाराच्या सुमारास कानटोपी घातलेली एक आकृती न्हाणीत शिरली, तिनं नळ किंचित सोडला, धारेखाली बोट धरून जाडी तपासली आणि जाऊन पुन्हा पांघरुणात घुसली.

दाजी!

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. शिरोळ तालुक्यातले, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. नोकरीतले दोन हिवाळे त्यांनी लेहच्या बाजूला काढले. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, पण थंडी पडली की झोपायच्या आधी नळ थोडा सोडून ठेवायचा, हे जे अंगात मुरलं ते मुरलंच. गावाकडं त्यांच्या घरात नळ कमी आणि हौद मोठा, त्यामुळं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. यंदा डिसेंबरात दोघं आमच्याकडं आठ-दहा दिवस राहायला आली, नेमका तेव्हाच कोल्हापूरचा पारा बारा-तेरावर उतरला, आणि दाजींच्या आतला सुभेदार जागा झाला.

आता पंचाईत अशी, की जावयाला सासूनं बोलायचं कसं? आमच्याकडं आई दाजींना 'पाव्हणं' म्हणते आणि त्यांच्यासमोर पदर सावरल्याशिवाय बसत नाही. ती मलाच सांगायची, "त्यांना सांग, लक्ष्मी जाती अशानं." आईचं पाण्याचं दुखणं जुनं आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात एके काळी पहाटे चारला पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. आधी पिंप, मग घागरी, मग कळशा, शेवटी पातेली, असा भरायचा क्रम ठरलेला होता. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर शहरात आलं, तेव्हा पन्नासहून जास्त किलोमीटरवरून आलेलं ते पाणी तिनं आधी ओंजळीत घेऊन बघितलं होतं. अशा बाईच्या कानाला रात्री न्हाणीतली टपटप म्हणजे कुणीतरी पैसे मोजून गटारात टाकल्यासारखी ऐकू येणार. त्यामुळं साडेबाराला दाजी नळ सोडायचे, एकला आई उठून बंद करायची. अडीचला पुन्हा दाजी, तीनला पुन्हा आई. एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोघांची ही गस्त चालली होती.

चौथ्या दिवशी सकाळी दाजींना घेऊन मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली आणि फेसाचा ग्लास हातात, असलं सुख दुसरीकडं फारसं मिळत नाही. शेजारी तालमीतली दोन पोरं उभी होती. गार पाण्यानं अंघोळ करून आलेली, केस ओले, अंगात नुसता बनियन. दाजींनी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं आणि मफलर आणखी एक वेढा घट्ट केला. तिथं मी विषय काढला.

"दाजी, आपल्याकडं पाणी गोठत नाही हो."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "मला काय खुळा समजतोस? पर धारंचा आवाज आला न्हाई तर झोपच लागत न्हाई."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेत शिकलो होतो, पण कधी खरं वाटलं नव्हतं. पाणी चार अंशांपर्यंत इतर पदार्थांसारखं आकसतं आणि त्याच्या खाली उलटं फुगायला लागतं. बर्फ झालं की आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे एक लिटर पाण्याचा बर्फ जवळजवळ अकराशे मिलिलिटरची जागा मागतो. आम्ही फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटली की आईवर खापर फोडून मोकळे होतो. दाजींकडं तीच गोष्ट बराकीच्या भिंतीतून गेलेल्या लोखंडी पाइपाची व्हायची. त्यातही गंमत अशी की पाइप फुटतो तो बर्फाच्या बुचाजवळच, असं नाही. बूच वाढत जातं तसं ते पुढचं पाणी बंद नळाकडं रेटतं. मधल्या मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि मग जिथं पाइप कच्चा असेल तिथं तो उसवतो. नळ जरा सोडलेला असला की त्या दाबाला वाट मिळते. शिवाय वाहतं पाणी गोठायलाही वेळ लावतं.

"आणि फुटलेला कळतो कवा?" दाजींनी ग्लास खाली ठेवला. "थंडीत न्हाई कळत. बर्फच बूच हुन बसलेला असतोय. ऊन पडलं, वितळलं, की मग भिंतीतनं झरा."

गोठलेला पाइप सोडवायचीही त्यांची पद्धत होती. आधी नळ उघडायचा. मग गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या चिंध्या पाइपाला गुंडाळायच्या, पण सुरुवात नळाच्या टोकाकडून. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन्ही बाजूंच्या बर्फात कोंडते. एका नव्या पोरानं घाईनं स्टोव्हची ज्योत लावली, तेव्हा पाइप फुटलाच, वर त्याच्या हाताची कातडीही गेली. दिवसभर बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी रॉकेलची शेगडी, पेटलेली असायची, पण रात्री निजताना ती बंद करायची आणि वारा यायला फट ठेवायची, हा हुकूम होता. बंद खोलीत जळणाऱ्या रॉकेलचा विषारी वायू वास न देता माणूस नेतो. हे ऐकून मला आपल्याकडच्या, खिडकी बंद करून न्हाणीत गॅस गिझर लावणाऱ्या मंडळींची आठवण झाली. लेह लांब आहे, पण तो वायू सगळीकडं सारखाच.

आणि तिथं चहा म्हणे कितीही उकळला तरी घशाला आपल्याकडच्यासारखा चटका बसत नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. दाजींना चहा अजून ओठ भाजेल इतका गरम लागतो तो बहुधा त्या दोन वर्षांचा अनुशेष असावा.

पाचव्या दिवशी आमचा गिझर गेला. तोही पहाटे. गिझर दुपारी दोनला बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. पंधरा लिटरची टाकी, दोन हजार वॅटची कॉइल. वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर न्यायला वीसेक मिनिटं आणि पाऊण युनिटच्या आत वीज, हा त्याचा करार. त्या दिवशी पाऊण तास झाला, दिवा लाल, पाणी गार. वायरमन आला, त्यानं कॉइल उपसून काढली आणि माझ्या हातात दिली. आमच्याकडं वापरायला बोअरचं पाणी. कॉइलवर बोटभर जाड पांढरा थर चढला होता, वारुळासारखा खडबडीत. नखानं खरवडला तर चुन्याच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात येत होता. आतली नळी त्या थरात गुदमरून तापून तापून फुटली होती. म्हणजे पाइप फोडायला बर्फच लागतो असं नाही, आपलं कोल्हापूरचं पाणीही सवडीनं ते काम करतं.

नवी कॉइल संध्याकाळी मिळणार होती. गच्चीवर सोलर आहे, पण धुक्यामुळं त्याचं पाणी कोमट म्हणायलाही लाज वाटावी असं. शिवाय सोलरच्या नळाला आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं तेव्हा कुठं ऊन पाणी खाली पोचतं. त्या दोन बादल्या आई झाडांना घालते आणि घालताना सोलरवाल्याचा उद्धार करते. हिटर बादलीत टाकायला मी निघालो, तर आई म्हणाली, "नगं ते. पाव्हणं हाईत घरात. माळ्यावरचा बंब काढ."

बारा वर्षं माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब मी आणि दाजींनी दोघांनी मिळून उतरवला. पोटात कोळ्यांची जाळी, जुन्या डागाच्या जागी हिरवट कळंक. चिंच आणि मीठ घेऊन आई स्वतः बसली. अर्ध्या तासात तांबं असं लाल निघालं की आक्का त्यात तोंड बघून आली. परसात तीन विटांवर बंब बसला. खाली जाळीवर आधी नारळाची शेंडी, मग करवंट्या, मक्याची बुरकुंडं आणि वर शेणीचे तुकडे. दाजींनी मला हात लावू दिला नाही. एका काडीत पेटवलं, मधल्या नळीतून धूर सरळ वर गेला आणि बंब आतल्या आत गुरगुरायला लागला. वरच्या नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतायचं आणि तोटीतून तेवढंच कडकडीत बाहेर घ्यायचं. थर्मोस्टॅट नाही, दिवा नाही. पाणी तापलं का ते बंबाला हात लावून कळतं, फक्त हात पटकन काढता आला पाहिजे.

आई आणि दाजी बंबाच्या दोन बाजूंना पाट घेऊन बसले. आई बुरकुंडं सरकवत होती, दाजी राख ओढत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा दोघं सलग बोलत होते, तेही कुठल्या लाकडाचा जाळ टिकतो यावर. बाभळीवर एकमत झालं. धुरानं शेजारच्या काकू आल्या, त्या दोन बादल्या पाणी घेऊन गेल्या. संध्याकाळी गिझर सुरू झाला, पण दाजी जाईपर्यंत त्याचं बटण कुणी दाबलं नाही.

नळाचं मात्र जिथल्या तिथंच राहिलं. रात्री साडेबाराला दाजी, एकला आई.

ते गावी गेले त्याच्या दुसऱ्या रात्री मला टपटप ऐकू आली. उठून गेलो. नळ घट्ट बंद होता, तरी थेंब पडतच होता. सकाळी प्लंबर बोलावला. त्यानं नळ खोलला, वॉशरची चकती तळहातावर घेतली. ती कडेनं चघळल्यासारखी झाली होती. त्यानं एकदा नळाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ह्यो नळ रात्रभर उघडझाक करत बसला होता काय ओ?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाव्हणं आलं होतं."