सापळा भरला, तरी आंब्यात अळी

देवगडकडच्या आमच्या हापूस कलमांवरची विषारी फवारणी बंद केली, त्याला चार वर्षं झाली. मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा परवडला, पण फळमाशीने घाम फोडला. २०१४ साली युरोपने याच माशीपायी भारतीय आंबा बंद केला, तेव्हा ‘एवढ्याशा माशीसाठी?’ म्हणून मीही चिडलो होतो. पहिल्याच मोसमात दादरच्या गिऱ्हाइकाने कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला. गरात पांढऱ्या अळ्या. सोबत एक शब्द नाही. मुकाट्याने पैसे परत केले.

पुढच्या एप्रिलात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा टांगला. आतल्या लाकडी ठोकळ्यात मिथाईल युजेनॉल मुरवलेलं असतं (तुळशीतही असतं ते), त्या वासावर माशी येते. बऱ्याच ठोकळ्यांत कीटकनाशकही घातलेलं असतं, म्हणून बिनविषारी मागून घेतला आणि तळाशी साबणाचं पाणी ओतलं. आठ दिवसांत तळ माशांनी भरला. मी खूश. शेजारचे काका डोकावून म्हणाले, “अरे, तू घोवांका पकडतंस. बायलो मोकळ्योच आसत मां?”

खरंच होतं. त्या वासाला फक्त नर भुलतात. मी सापळा लावेपर्यंत नरांशी मीलन होऊन माद्यांचं फळात अंडी घालायचं काम उरकलेलं होतं. आता कैऱ्या धरल्या की लगेच लावतो, आणि काकांनाही लावायला लावतो.

पण खरा घोळ पायाशी होता. पडीचा एक आंबा उचलला. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका, भोवती बोट रुततंय. कापला तर अळ्या चक्क टुणकन उड्या मारत मातीत पडल्या. तिथेच त्यांचा कोष होतो आणि नवी माशी निघते. म्हणजे वर मी माशा मारत होतो आणि खाली पोसत होतो!

तेव्हापासून मोसमात रोज सकाळी पड वेचायची, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायची. वास असा सुटतो की बायकोने पिशव्या मागच्या कातळावर हाकलल्या. काढणीही चौदा आण्यांवरच, म्हणजे फळ भरलं पण अजून पिकलं नाही तोवरच, करतो. झाडावर पाड लागेपर्यंत थांबलो की माशीची चंगळ.

आता पेट्या भरण्याआधी पिकायला घातलेल्या प्रत्येक आढीतले पाच आंबे कापून बघतो. गेल्या मोसमात दोन किडके निघाले. दोन्ही बांधालगतच्या कलमाचे. पलीकडे मुंबईकर चुलत्यांचा रायवळ (कोयीपासून वाढलेला आंबा) आहे, त्याची पड कोणी उचलत नाही. यंदा तीही मीच वेचणार.