दुसऱ्या दिवशीचं संमेलन

आमच्या वाचक मंडळाचं वार्षिक संमेलन दोन दिवस चालतं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि 28 ला विज्ञान दिन, लागूनच येतात म्हणून दोन्ही एकत्र. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, शाल-श्रीफळ सगळं रीतसर पार पडतं. पहिल्या दिवशी कवितांना पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी मात्र 40 खुर्च्या मांडल्या तर 15 रिकाम्या. हाकेच्या अंतरावर राहणारे आजीव सभासदही फिरकत नाहीत, हे मला दरवर्षी लागतं. कारण दुसऱ्या दिवशी खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत नारळीकरांवर एक शाळकरी मूल बोलतं, आणि मी वर्षभर वाट बघते ती त्या दहा मिनिटांची.

20 मे 2025 ला नारळीकर सर गेले. त्यानंतरचं हे पहिलंच संमेलन. बोलायला आठवीतली मुलगी होती. कोल्हापूरचा 1938 चा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, तिथले मार्गदर्शक फ्रेड हॉईल, 1972 ला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये परतणं, 1988 ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, हे तिनं एका दमात सांगितलं. मग खडू घेऊन फळ्याकडे वळली. 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला सरांनी पहिली विज्ञानकथा टोपणनावानं पाठवली होती, नारायण विनायक जगताप. तिनं ‘ना. वि. ज.’ लिहिलं, खाली बाण काढला आणि ‘ज. वि. ना.’ लिहिलं. नावाचं वजन बाजूला ठेवून कथा वाचली जावी म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, पण मूल फळ्यावर अक्षरं उलटी करतं तेव्हा माझा गळा दाटतोच.

पुढचा भाग सांगायला धीर लागतो, आणि तो तिच्याकडे होता. ‘सरांचं राजकारण’ असं म्हणून ती क्षणभर थांबली. सर कोणत्या पक्षाचे, यात ती शिरलीच नाही. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं फलज्योतिष विद्यापीठांत शिकवायचं ठरवलं, तेव्हा सर जाहीरपणे विरोधात उभे राहिले, तिथून तिनं सुरुवात केली. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे 1976 पासून राज्यघटनेत नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, कलम 51 क, हेही तिनं पाठ केलं होतं. मग सरांनी सहकाऱ्यांबरोबर घेतलेली ज्योतिषाची चाचणी. त्या सहकाऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. 200 मुलांच्या पत्रिका, 100 हुशार आणि 100 मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका, कोणती कुणाची ते ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. ‘नाणं उडवलं तरी 50 येतात,’ ती म्हणाली.

मागच्या रांगेतले दोघं उठून गेले. मला वाईट वाटलं. पत्रिका माझ्याही लग्नात बघितली होती, त्यामुळे त्यांचं दुखणं मला कळतं. पण थांबले असते तर पोरीनं पुढे काय सांगितलं ते ऐकायला मिळालं असतं. प्रयोगाआधी ज्योतिषांना आमंत्रण दिलं होतं, नियम आधीच सांगितले होते, कुणाची टिंगल केली नव्हती. आजच्या गदारोळात, जिथे आवाज चढवला की मुद्दा सिद्ध झाला असं समजतात, मला हे फार मोलाचं वाटतं. सत्तेशी मतभेद असला तरी आधी मोजायचं आणि मग बोलायचं, हे सरांकडून शिकावं.

आभारांत दरवर्षी कुणीतरी राहून जातं आणि मला रात्रभर झोप येत नाही, म्हणून इथेच लिहिते. सभागृह फुकट देणारे मुख्याध्यापक, माईकवाले काका (दोन्ही दिवस), रांगोळी काढणाऱ्या दोघी ताई, ग्रंथालयातल्या मावशी, फळा पुसून खडू शोधून देणारा शिपाईदादा, चहावाले, खुर्च्या उचलणारी दहावीची मुलं, आणि त्या मुलीचं भाषण आठवडाभर ऐकून घेणारी तिची आजी. आणि हो, पोस्टकार्डं स्वतःच्या पैशानं आणणारे खजिनदार.

पोस्टकार्डांची प्रथा सरांचीच. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आमच्याकडे भाषण झालं की मुलं कार्डावर प्रश्न लिहितात आणि महिन्याच्या आत सभासदांनी उत्तर पाठवायचं. यंदा 19 कार्डं आली. माझ्या वाट्याला सहावीतल्या एका मुलाचं आलं. शिसपेन्सिलीनं लिहिलंय, एक शब्द खोडलाय: ‘46 टक्के बरोबर आलं, तर ज्योतिषी म्हणतील त्याच्या उलट धरलं की 54 टक्के बरोबर येईल का?’

तीन दिवस कार्ड टेबलावर आहे. मंडळातल्या निवृत्त गणिताच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, घाईनं लिहू नका, पुन्हा प्रयोग केला तर उलट धरूनही तेवढेच येतील का, ते आधी त्यालाच विचारा. काल रात्री पहिली ओळ लिहिली, ‘प्रिय मित्रा, तुझा प्रश्न मला सुचला नव्हता.’ पुढचं आज लिहायचंय.