बांधायचं की नाही, ते पुढचा उन्हाळा बघून

'प्लॉट घेऊन ठेवलाय' म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग बांधताय कधी?' पुण्याजवळ पिरंगुटच्या पुढे आमचे तीन गुंठे आहेत, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. २०११ साली घेतले तेव्हा तिकडे जाणं म्हणजे सहल असायची, डबा घेऊन. २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाल्यापासून नवऱ्याचं पालुपद आहे, 'कोथरूडहून अर्ध्या तासात पोहोचतो.' पोहोचतो की, रविवारी सकाळी सात वाजता. संध्याकाळी साडेसहाला वाटेतल्या भूगावात अडकलेल्या माणसाला विचारा.

कागदांची मात्र काळजी नाही. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती आहे, सातबारा आमच्या दोघांच्या नावावर स्वतंत्र आहे. त्याच पट्ट्यात एकेक गुंठा घेतलेले लोक आहेत, त्यांच्या सातबाऱ्यावर डझनभर नावं आणि नेमका कुठला तुकडा कोणाचा, हे सांगणार फक्त चुन्याच्या फक्कीची रेघ. जमिनीचे असे छोटे तुकडे पाडायला आडकाठी करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, तरी 'नंतर होईल सगळं' म्हणत लोकांनी पैसे मोजले. तिथे बांधायचं की नाही हा प्रश्नच येत नाही, आधी जमीन आपली आहे का ते बघा.

मग आकडे. कॉन्ट्रॅक्टरने मटेरियलसकट चौरस फुटाला २,३०० रुपये दर दिला. अकराशे फुटांचं बैठं घर धरलं तर २५ लाख ३० हजार. नवरा खूश. मी वही घेऊन बसले आणि दरात काय काय नाही ते विचारत गेले: कंपाउंड, गेट, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, मीटर, आर्किटेक्टची फी, परवानगीसाठी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) भरायचे पैसे. बेरीज छत्तीसच्या घरात गेली. शिवाय बँक कर्ज देते ते टप्प्याटप्प्याने, जोतं झालं की थोडं, स्लॅब पडला की थोडं. तोवर मिस्त्रीला शनिवारचा पगार कोण देणार? आपणच.

तरीही पैशाने अडलं असतं असं मला वाटत नाही. अडलं ते खड्ड्यापाशी.

माती बघायला जेसीबी बोलावून प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. वर काळी माती. मिस्त्रीने मूठभर उचलली, बाटलीतलं पाणी शिंपडून पुरणाच्या गोळ्यासारखी वळली आणि माझ्या हातावर ठेवली. चिकट, गुळगुळीत, धुतली तरी बोटांच्या रेषांतून जाईना. 'ही पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हिच्यावर भिंत नाही ठेवायची मॅडम, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं,' तो म्हणाला. मुरूम लागला तो साडेचार फुटांवर. म्हणजे पाया खोल, स्टील जास्त, आणि जोत्याखाली काळी माती काढून मुरमाची भर. वहीत आणखी एक ओळ वाढली.

हे चालू असताना शेजारच्या बंगल्यातले निवृत्त काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांचं बोअर मार्चअखेर धाप टाकतं, मग पाऊस पडेपर्यंत टँकर. पावसात मुळशीकडचा पाऊस, आणि लाईट गेली की कधी येईल त्याचा नेम नाही. 'पण हवा बघा!' असंही म्हणाले. हवा खरंच छान होती. पण बांधकामालाच पाणी किती लागतं! स्लॅब टाकल्यावर वर वाफे करून दहा-पंधरा दिवस पाणी भरून ठेवायचं, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ मारायचं. ते मारलं जातंय की नाही हे बघायला कोण उभं राहणार? नवरा हिंजवडीत, मी कॉलेजात. दीर आहेत, पण ते सल्ला देतात, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर.

आणि आई. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मृत्युंजयेश्वराला चालत जातात, येताना भाजी आणतात, वाटेत चार जणींशी बोलतात. तिसऱ्या मजल्याचे जिने मात्र आता त्यांना झेपत नाहीत, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'तुम्ही बांधा रे. मला रात्री दुखायला लागलं तर गाडी कोण काढणार तेवढं आधी ठरवा.'

गंमत अशी की कोथरूडमधल्या निम्म्या सोसायट्यांप्रमाणे आमचीही रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. नवऱ्याचा बेत होता की फ्लॅट आत्ताच विकून ते पैसे बांधकामात घालायचे. मी साफ नाही म्हटलं. इमारत पाडायला आल्यावर आपला हक्क विकून बाहेर पडायचं आणि नव्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्यांनी वापरायची? पण त्याच बोलण्यातून मार्ग निघाला. इमारत पाडली की दोनेक वर्षं आम्हाला भाड्याने राहावं लागणारच आहे आणि ते भाडं बिल्डर देणार आहे. मग भाड्याचं घर इथे शेजारी कर्वेनगरातच कशाला? पिरंगुटमध्येच राहू. एक पूर्ण उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा. नवऱ्याने रोज तिकडून हिंजवडी करावं, मी कॉलेज, आणि आईंनी बघावं त्यांना करमतं का. तोवर खड्डा बुजवून टाकलाय आणि आर्किटेक्टला थांबायला सांगितलंय. नवरा थोडा रुसला आहे, पण टँकरवाल्याचा नंबर त्यानेच काकांकडून घेऊन ठेवलाय.

भूगाव ते पिरंगुट पट्ट्यात तळमजल्यावरची टू बीएचके कोणाच्या माहितीत असेल तर कळवा. भाड्याच्या आधी पाण्याचं सांगा, आणि एप्रिल-मेमधलं सांगा.