पहाटे साडेपाचची आगबोट

शनिवारी पहाटे पाचचा गजर. उठल्याउठल्या पहिलं काम म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आत्ता किती वाजलेत ते फोनवर बघणं. शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. बरोबर. अजून अर्धा तास होता.

ही खातरजमा उगाच नाही. पहिल्यांदा ऑनलाइन कन्व्हेन्शनला, म्हणजे खेळाडूंच्या संमेलनाला, रोल-प्लेइंग खेळ घ्यायला नाव दिलं तेव्हा मी साडेदहा तासांचा फरक धरून बसलो होतो. तो हिवाळ्यातला. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकवतात आणि फरक साडेनऊवर येतो. मी अंघोळ करून, चहा घेऊन, सव्वासहाला निवांत लॅपटॉप उघडला. पाचजण पाऊण तास माझी वाट बघत होते, आणि त्यातले तिघं कंटाळून निघूनही गेले होते. उरलेल्या दोघांसमोर अशी माफी मागितली की शेवटी तेच माझी समजूत काढायला लागले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात, आणि पुढे काय होईल अशी शंका आली की फासे टाकायचे. अमेरिकेत आता इंडियानापोलिसला भरणारं जेन कॉन हे 1968 पासूनचं जुनं संमेलन. 2020 मध्ये कोविडमुळे ते ऑनलाइन भरलं. त्या वर्षी इतरही बऱ्याच संमेलनांनी तोच मार्ग धरला आणि चिंचवडच्या दोन खोल्यांतून मला परदेशी टेबलाचं दार उघडलं. विमानाचं तिकीट काढून मी काही गेलो नसतो.

यंदा मी ‘कॉल ऑफ कथुलू’ घेतला. भयकथेचा खेळ, शंभराचे फासे, म्हणजे एक ते शंभर आकडा देणारे, आपल्या कौशल्याच्या आकड्याइतके किंवा खाली पडले की जमलं. नवख्याला दोन मिनिटांत कळतो, म्हणून संमेलनात बरा. गोष्ट मात्र माझी: मे 1926, भाऊच्या धक्क्यावरून दक्षिणेला निघालेली, पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट. एकदा पाऊस लागला की कोकणची बोट बंद, पुढचे काही महिने परतीची सोय नाही. भयकथेला याहून जास्त काय लागतं? आयता बंद दरवाजा.

चार तासांचा स्लॉट. त्यातला पहिला अर्धा तास ‘माझा आवाज येतोय का’मध्ये जातो, हे आता मी हिशोबातच धरतो. पाच जागा भरलेल्या असल्या तरी तिघंच येणार हेही धरतो, त्यामुळे पात्रं सहा तयार, पण गोष्ट तिघांत निभावेल अशी. यंदा तिघंच आले. पूर्वी मी नकाशे बनवायचो, कंदिलाच्या उजेडात दिसेल तेवढाच भाग उघडा ठेवायचो. सगळे नकाशावर बाहुल्या सरकवत बसायचे, बोलायचं कुणी नाही. आता डेकचं एक कृष्णधवल चित्र लावतो आणि विषय संपला. फासेही ज्याचे त्याने घरी टाकावेत. खोटं बोलून कुणाला काय मिळणारे?

अवघड असते ती शांतता. घरी टेबलाभोवती माणूस गप्प असला तर तो विचार करतोय की मोबाइल बघतोय हे दिसतं. इथे कॅमेरे बंद, नुसती नावं. मी वहीत तिघांची नावं लिहून, जो बोलेल त्याच्यापुढे रेघ मारत जातो. दीड तासानंतर एकापुढे अकरा रेघा होत्या, दुसरीपुढे नऊ आणि तिसऱ्यापुढे दोन. मग त्याच्या पात्राचं नाव घेऊन विचारायचं: ‘डॉक्टर, खलाशी तुमच्याकडे बघतोय. काय करता?’ नुसतं ‘कोण काय करतंय?’ विचारलं की तिघंही एकमेकांसाठी थांबतात. त्या डॉक्टरला मी चारदा असं ओढलं. दर वेळी एका वाक्यात उत्तर, की परत गप्प. कंटाळलाय, असंच मी धरून चाललो.

नको असलेला प्रसंग आला तर चॅटमध्ये ‘एक्स’ टाका, मी काही न विचारता पुढे सरकतो, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. बोटीच्या तळातून ओली पावलं वर येत असताना एक्स आला. मी तत्काळ थांबलो, प्रसंग गुंडाळला. मग कळलं की एक्स टाकणारे दुसऱ्या खेळाडूच्या विनोदाला हसले होते, आणि त्या एक्सच्या मागे डी होता: ‘XD’, म्हणजे अक्षरांतला हसरा चेहरा. चूक माझी, पण तरी थांबलो तेच बरं. पावलं परत पहिल्या पायरीपासून वर आणली.

सातच्या सुमारास स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. माईक चालू राहिला होता. एक खेळाडू ओरडली, ‘दुसरी बोट! आपण इशारा करू!’ मी काय बोलणार? दुसरी बोट आली. दिवे नसलेली, जवळ येऊनही आवाज न करणारी. सकाळचा सगळ्यात चांगला प्रसंग वरणाच्या कुकरने दिला.

शेवट रत्नागिरीला. बोट धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते आणि माणसं हेलकावणाऱ्या पडावात उतरून किनारा गाठतात. तिघं उतरले. मी पडावात बसलेल्यांची मोजदाद केली आणि चार सांगितले. नावाडी सोडून. तिथेच थांबलो, साडेनऊला पाच मिनिटं कमी होती.

दोघांनी टाळ्यांची चित्रं टाकली, आभार मानले आणि गेले. डॉक्टर राहिले. चार तासांत त्यांनी दहा वाक्यं बोलली असतील, तीही अस्सल अमेरिकी इंग्रजीत. चॅटमध्ये बराच वेळ टायपिंगचे ठिपके हलत होते. मग देवनागरीत आलं:

‘एक सांगू का? जयगड रत्नागिरीच्या आधी येतं. बंदरांची नावं सांगताना तुम्ही ते नंतर घेतलंत. आजी तिकडची आहे, म्हणून.’

नकाशा काढून बघितला. खरंच की! चार तास तो माणूस प्रत्येक बंदर मोजत बसला होता. रविवारच्या स्लॉटसाठी बंदरांच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं खोडून उलटी लिहिली आणि वरणभात खायला गेलो.