मदरबोर्ड घेताना: सॉकेट जुळलं म्हणजे झालं असं नाही
प्रोसेसर ठरल्याशिवाय मदरबोर्ड बघूच नका. एएमडीच्या रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसरसाठी एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) लागतं आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये डीडीआर४ (आधीच्या पिढीची रॅम) आणि डीडीआर५ असे वेगवेगळे बोर्ड मिळतात, तेव्हा बोर्डाचं नाव नीट वाचा.

सगळ्यात जास्त फसगत बायोसमुळे, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमुळे, होते. प्रोसेसर व्यवस्थित बसतो, पंखे फिरतात, तरी स्क्रीन काळीच! जुना बायोस असलेला एएम५ चा बी६५० बोर्ड नवा रायझन ९००० ओळखत नाही. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या; प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

काही बोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची जागा) भरला की एखाददुसरा साटा पोर्ट (केबलने हार्ड डिस्क किंवा एसएसडी जोडायची जागा) बंद होतो. कोणता, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.